हॉर्नची वाट

अण्णाप्पांनी इंजिनातल्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल केला आणि स्टिअरिंगवर बसलेल्या सयाजीला म्हटलं, "दाब."

सयाजीनं ॲक्सिलरेटर दाबला. अंगणात फियाट घुमली. अण्णाप्पांनी डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला, मग अजून थोडा. ठिणगी पडायचं टायमिंग फार पुढं गेलं की इंजिनातनं डब्यात खडे हलवल्यासारखा बारीक आवाज येतो. तो आला की मागं घ्यायचं, थांबला की तिथंच बोल्ट आवळायचा.

ते वाकून वाट बघत राहिले. त्या आवाजाची नव्हे, हॉर्नची.

"झालं का?" सयाजी म्हणाला. "उद्या पोरीला बाळंतपणाला आणायचंय. भरल्या गाडीनं गगनबावड्याचा घाट चढायचा हाय. म्हणून तर तुमच्याकडं आलो. तुमच्यावानी कान अख्ख्या पेठेत कुणाला न्हाई."

"झालं," अण्णाप्पा म्हणाले आणि बोल्ट आवळला. बॉनेट लावलं.

गाडी फाटकापर्यंत गेली. अण्णाप्पा फडक्याला हात पुसत उभे होते. एकाएकी ते चालत गाडीच्या पुढं गेले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

"दुसऱ्या कुणाकडनं तरी बघून घे."

"का वो?"

"मला तो आवाज ऐकू येत न्हाई. सात-आठ वर्सं झाली." ते खाली फडक्याकडं बघत होते. "तू बसलायस तिथं आमची महादेवी बसायची, पार जाईस्तवर. आवाज थांबला की जरासा हॉर्न द्यायची. मग मी आवळायचो."

सयाजीनं इंजिन बंद केलं.

"पण वैनींनी हॉर्न दिला की तुम्ही वरडायचासा की त्यांच्यावर. 'तुला काय कळतंय, उगं वाजवतीस' म्हणायचासा. गिऱ्हाईकं हसायची. मीबी हसलोय."

"व्हय."

"वैनी कधी वळूनसुदिक बघायच्या न्हाईत. मला वाटायचं, इंजिन चालू असतंय, त्यांना ऐकूच जात नसंल."

अण्णाप्पांनी फडक्याची घडी घातली. परत उलगडली.

"ऐकू जायचं," ते म्हणाले. "तिचा कान लई तिखट होता."