साखराकाकूचा कढीपत्ता

लातूरच्या त्या गल्लीत नव्यानंच राहायला आलेली ऋतुजा रोज सकाळी अण्णारावांच्या ओट्यापाशी थांबायची. तिथं रंगाच्या रिकाम्या डब्यांत त्यांच्या बायकोची, साखराकाकूची बाग फुललेली.

"काकू, कढीपत्ता घेऊ का?"

"घे की माय. पर झाडाला टक्कल पाडू नगं," आतून बारीक आवाज यायचा. काकूचे गुडघे धरलेत, म्हणून ती बाहेर येत न्हाई, हे अण्णारावांनीच सांगितलेलं.

संक्रांतीला ऋतुजा हळदीकुंकू आन् वाण घेऊन थेट आतच शिरली. आत एकटे अण्णाराव बसलेले. भिंतीवर काकूचा फोटो, त्याला हार.

तोंड फिरवून अण्णाराव त्याच बारीक आवाजात म्हणाले, "उद्या बी हाक मारशील नव्हं, माय?"