साडेसात आणि साडेसहा

काकांनी जीप गॅरेजच्या दारात उभी केली, किल्ली काढून खिशात टाकली आणि खाली उतरत म्हणाले, "मधला गिअरबॉक्स गेला. खोल."

पुतणीने हातातला पाना खाली ठेवला. हे गॅरेज काकांचंच. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा गॅरेज तिच्या हवाली करून काका जीपवर गेले, त्याला अकरा वर्षं झाली. आठवड्यातून दोनदा नर्सबाईंना लशींच्या पेटीसकट डोंगरावरच्या वस्त्यांवर न्यायचं आणि संध्याकाळी खाली आणायचं.

"होतंय काय?"

"फोर व्हीलमध्ये टाकली की वळणावर अडते, कण्हते. लिव्हर परत येत नाही, लाथ घालावी लागते. लवकर उरक. बाईंना अकराच्या आत वर पोचायचंय."

नर्सबाई पेटी मांडीवर घेऊन पुढच्याच सीटवर बसून होत्या. उतरल्या नाहीत.

पुतणी पाठीवर सरकत गाडीखाली गेली. गिअरबॉक्सचं थोडं तेल काढून तिने बोटांवर चोळलं. बारीक चकचकीत कण लागले. दुखणं खरं होतं, पण ते आपोआप होणारं नव्हतं. पडल्यापडल्याच तिने मान वळवून मागची चाकं बघितली. मग पुढची. मग परत मागची.

ती बाहेर आली. "मागची चाकं कधी बदलली?"

"महिना झाला. जुन्या बाजारात रिमसकट मिळाली. तू तापाने पडली होतीस, म्हणून मीच बसवली."

"नंबर?"

"साडेसात. नंबर न बघता चाक बसवायला मी काय आजचा आहे?"

पुढची चाकं साडेसातची होती. मागची साडेसहाची. उंचीत चांगला दोन बोटांचा फरक, नवशिक्यालाही लांबून दिसेल असा. चारही चाकांना एकदम ओढायला लावलं की लहान चाकं भराभर फिरू बघतात, मोठी त्यांना फिरू देत नाहीत, आणि त्यांच्या भांडणात मधला गिअरबॉक्स भरडला जातो. हे तिला काकांनीच शिकवलं होतं. एकदा तिने चुकीचं चाक चढवलं, तर त्यांनी तिला आख्खा दिवस नुसते टायरवरचे आकडे वाचायला बसवलं होतं.

तिच्या तोंडात सोपं उत्तर आलं. "दुकानदाराने फसवलं तुम्हाला. साडेसहाची दिली."

काका गाडीला वळसा घालून मागच्या चाकापाशी आले. गुडघे धरून उकिडवे बसले. कोंबडी दाण्याकडे बघते तशी मान तिरकी करून टायरकडे बघत राहिले.

"त्याला कशाला बोल लावतेस," ते म्हणाले. "त्याने सांगितलं होतं, ही साडेसहाची आहेत म्हणून. मला वाटलं, त्याचंच काहीतरी चुकतंय."

पुतणी त्यांच्या शेजारी बसली. "कधीपासून, काका?"

"पावसाळ्याच्या आधीपासून. चष्म्याने जायचं नाही, म्हणाला डॉक्टर. आजूबाजूचं सगळं दिसतं गं. जे बघायचं असतं तेवढंच पुसलं जातं."

"आणि गाडी चालवता?"

"रस्ता पाठ आहे."

"रस्त्यावरची माणसं पाठ आहेत?"

उत्तर दिलं ते नर्सबाईंनी, सीटवरूनच, मागे न वळता.

"म्हणून तर मी ही सीट सोडत नाही. म्हैस आडवी आलीय, ट्रक येतोय, शाळेची पोरं आहेत, असं काही ना काही बोलत असते. वर यायला दुसरा कुणी ड्रायव्हर तयार नाही. मी तोंड उघडलं असतं तर तिथल्या बाळांच्या लशी राहिल्या असत्या. नाही उघडलं, त्याने माझी झोप गेली."

काकांनी आवाजाच्या दिशेने तोंड केलं. "मला वाटायचं, बाईंना बोलायची फार हौस."

पहिल्यांदा नर्सबाईच हसल्या. हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले.

पुतणी उठली. बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायला तिची स्वतःची एक जीप मागच्या अंगणात असे. तिची दोन चाकं तिने उतरवली, टेपने घेर मोजला, काकांच्या पुढच्या चाकांशी ताडून पाहिला आणि ती काकांच्या जीपला मागे चढवली. काका एकेक नट तिच्या हातात देत राहिले. तेवढं काम त्यांना न बघता येत होतं. मग तिने गिअरबॉक्सचं तेल बदललं, हात धुतले आणि ती ड्रायव्हरच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. काकाही सवयीने तिथेच आले होते.

"किल्ली द्या, काका."

"गॅरेज?"

"बंद राहील आज."

"आणि परवा?"

"परवाचं परवा बघू. वळणं मात्र तुम्ही सांगायची. मला पाठ नाहीत."

काकांनी खिशात हात घातला आणि तो बराच वेळ तिथेच ठेवला. नर्सबाई तोवर पेटी घेऊन मागच्या सीटवर गेल्या. शेवटी काकांनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली आणि बॉनेटला हात लावत लावत पलीकडच्या बाजूला गेले.

अकरा वर्षांत ते त्या सीटवर कधी बसले नव्हते. आत बसून त्यांनी दार ओढलं. लागलं नाही. पुन्हा जोरात आपटलं, तरी लागेना.

"या दाराला काय झालंय?" त्यांनी विचारलं.

नर्सबाईंनी मागून हात पुढे केला आणि त्यांच्या हातावर ठेवला.

"आधी जरा वर उचलायचं, काका," त्या म्हणाल्या. "मग ओढायचं."