दात कोणावर

"तीन बोटं उभी धरून तोंडात घाला," कसालच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

प्राजक्ताची दोनच गेली. तिसरं घालायला गेली तशी कानापाशी 'कट्' झालं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या स्टुलावर तिच्या सासूबाई, नर्मदाबाई, बसल्या होत्या. तो आवाज त्यांनाही ऐकू आला.

चतुर्थीला याच सुनेने वडे काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात बुडवून बुडवून मऊ करून खाल्ले, तेव्हा नर्मदाबाईंनी भरल्या पंक्तीत सुनावलं होतं, "फोंड्याची राजकन्या ती! आमच्या वड्यांक दात लावणा नाय." पंक्ती हसली. पुढे ते वाक्य मसुरे गावात घरोघर फिरलं. फिरवणाऱ्या नर्मदाबाईच.

"सकाळी कानशिलं ठणकतात?"

"हो."

"जेवताना जबडा अडकतो?"

"कधी कधी."

"झोपेत दात खाता?"

प्राजक्ताने सासूकडे ओझरतं पाहिलं. "नाही," ती घाईने म्हणाली.

"आपलं आपल्याला कळत नाही ते. घरात कोणी ऐकलंय का? त्यावर ठरेल, रात्री दातांवर घालायची पट्टी करायची की नाही."

नवरा बोटीवर, सहा सहा महिने समुद्रात. घरात ऐकणारं माणूस एकच होतं. नर्मदाबाई गप्प बसल्या असत्या तर झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. सुनेने तर ती आपल्या हाताने झाकून दिली होती, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

"खाता," त्या म्हणाल्या. "रोज खाता. भिंतीपल्याडसून माका ऐकाक येता. चतुर्थीपासून."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत, आजी?"

नर्मदाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "माका वाटला, माझ्यारच खाता."

डॉक्टरीणबाई हसल्या. "झोपेत माणूस कोणावर दात खात नाही हो."

"नसात खाईत. पण माका माझा बोलणा म्हायत होता ना."

प्राजक्ता खुर्चीत उठून बसली. "आये, तसा काय नाय गो..." म्हणताना पुन्हा 'कट्' झालं. तिने गालावर हात दाबला. नर्मदाबाईंना वर बघवेना.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहायला घेतली. "पट्टी करू. पंधरा दिवस पेज, मऊ भात. कडक काही नको. आणि मुख्य म्हणजे, जबड्याला आराम द्यायचा."

"कोणाच्या?" नर्मदाबाईंनी विचारलं.