तंबूतलं ओगराळं

आनिकाचं पत्र स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरमागे खोचलेलं होतं. द्राक्षांची तोडणी संपली, नवी वाइन फसफसून निवली, तरी माइनराडने त्याला उत्तर दिलं नव्हतं. पुतण्याच्या या मुलीने पत्रात वालबुर्गाआजीची चादर मागितली होती.

चादर माइनराडच्या बायकोच्या, वालबुर्गाच्या रुखवतातली. नदीकाठच्या जंगलात अणुवीज केंद्र येणार होतं, तेव्हा तिने त्या चादरीवर लाल रंगाने लिहिलं होतं, ‘आधी आम्हाला विचारा’. केंद्र आलं नाही. वालबुर्गाही आता राहिली नव्हती. आनिकाला ती चादर टेकडीवर येऊ घातलेल्या पवनचक्क्यांविरुद्ध टांगायची होती.

“पवनचक्क्या तर तेव्हा आपणच मागत होतो,” माइनराड म्हणाला. त्याने बटाट्याचं सूप ढवळलं आणि लिओबाच्या वाडग्यात वाढलं. लिओबा शेजारची. केंद्राविरुद्ध त्या जंगलात ठोकलेल्या तंबूत त्या दोघांबरोबर तीही होती. आता तिचे गुडघे गेले होते आणि जीभ तेवढी शाबूत होती.

“मग तसं लिही तिला.”

“लिहिलं होतं. फाडलं.”

“मग चादर देऊन टाक.”

“तेही लिहिलं होतं.”

“म्हातारा झालास, पण धड हो नाही की धड नाही नाही,” लिओबा म्हणाली. “आणि पोरीचं काय चुकलं रे? पंचायतीने परस्पर सही केली. तिला कोणी विचारलं? चादरीवर तेच तर लिहिलंय.”

चादर द्यावी, तर वालबुर्गाचा हात तिच्या मनाविरुद्ध उचलल्यासारखं होणार. नाही द्यावी, तर तिनेच लिहिलेलं खोटं पडणार. आणि परवाच्या सभेत दोन्ही बाजूंनी एवढा आरडाओरडा झाला होता, की बेकरीवाला आणि त्याचा सख्खा भाऊ आता एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

“त्या तंबूतली पोरं पुढे खासदार झाली,” लिओबा म्हणाली. “आपण बटाटे सोलत राहिलो. थकले बाई मी. ‘नाही’ म्हणायला आपणच शिकवलं सगळ्यांना.”

“ऐकायलाही शिकवलं होतं.”

“ते कोणी घरी नेलं नाही.”

माइनराडने हातातल्या ओगराळ्याकडे पाहिलं. लांब दांड्याचं, एका बाजूला चेपलेलं. तंबूत पहिल्याच आठवड्यात शेतकरी आणि शहरातले विद्यार्थी एकमेकांच्या अंगावर धावून गेले, तेव्हा वालबुर्गाने ते टेबलावर आपटलं होतं. “हे ज्याच्या हातात, तो बोलेल. बाकीच्यांनी सूप प्यायचं!” तेव्हापासून तोच तंबूचा नियम झाला. ते फिरत फिरत एकदा माइनराडच्या हातात आलं. बाहेर दोन माणसांत तोंड न उघडणारा तो, त्या दिवशी सूप गार होईपर्यंत बोलला.

त्याने ओगराळं धुतलं, पुसलं आणि कागद घेतला. या वेळी एकही कागद फाडावा लागला नाही.

‘चि. आनिका, चादर माझ्याकडे आहे. आधी हे तंबूतलं ओगराळं घे. पुढच्या सभेत पहिल्यांदा पवनचक्क्या हव्या असलेल्या माणसाच्या हातात दे. मग तुझ्या. सगळ्यांकडून फिरून झालं, की चादरीसाठी ये. तेव्हाही हवी असेल, तर एक टोक मी धरीन.’

“दोन गल्ल्या पलीकडे राहते ती,” लिओबा म्हणाली. “हातात नेऊन दे की.”

“समोर उभा राहिलो तर बोलता येणार नाही मला.”

पोस्टाची खिडकी बेकरीतच होती. खिडकीवरच्या रोझविटाने खोकं उलटंपालटं करून पाहिलं.

“काय पाठवताय काका? तोफ?”

“उत्तर.”

“हा दांडा बाहेर राहतोय. कागद गुंडाळू का त्याला?”

मागे गल्ल्यावर उभा बेकरीवाला मान वाकडी करून बघत होता. त्याने ते ओगराळं ओळखलं असावं.

“राहू दे तसाच,” माइनराड म्हणाला. “धरायला तेवढाच लागतो.”