सहा वाजेपर्यंतचा हात

या, जरा जवळ सरका. शलाका खोतची गोष्ट सांगतो.

व्यवसायोपचार म्हणजे आजाऱ्याला रोजची कामं पुन्हा शिकवायची विद्या. शलाका तीच शिकत होती, आणि तिच्या पदव्युत्तर परीक्षेत रुग्णाचा लुळेपणा दिवसभर स्वतः भोगावा लागे. मनगटावरच्या पट्ट्यातून शलाकाच्या डाव्या हाताचं बळ तिचे रुग्ण, तबलजी वासुदेव गुरव यांच्याकडे गेलं होतं आणि त्यांचा लुळेपणा तिच्याकडे आला होता. एका हाताने वेणी घालून, पोळ्या लाटून ती पार थकली होती.

सहाला बळ परत घ्यायचं होतं. तिने गुरवांना फोन लावला. फोनपलीकडे देवळात कीर्तन रंगलं होतं.

"ताई, चार वर्षांनी डग्गा बोलतोय! बुवा आत्ता कुठे आख्यानात शिरलेत. मध्येच हात काढू होय?"

"उशीर झाला तर नापास," शलाकाशेजारी बसलेल्या परीक्षक बाई म्हणाल्या. "दाब ती पट्ट्यावरची कळ, बळ परत येईल. पुन्हा वर्षभर हेच करायचंय का?"

शलाकाने लुळा हात उचलून मांडीवर ठेवला.

"आरती होऊ द्या, काका," ती म्हणाली, आणि भिंतीला टेकून तिने डोळे मिटले.

ती नापास झाली. माउली, आरतीत टाळ्या वाजवाल ना, तेव्हा या पोरीची आठवण ठेवा.