वाढलेला आकडा

साठी उलटल्यावर मी वाचायला शिकले. पण आकडा वाढला की चांगलं, हे डेअरीत दुधाचं फॅट बघून आधीपासूनच ठाऊक होतं.

ह्यांचं स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. पुढच्या तपासणीचा रिपोर्ट कराडहून आला, तो मीच मोठ्यानं वाचला. रक्तातल्या मार्करचा आकडा मागच्या वेळी चाळीस होता, आता नऊशे.

"आवं, लय वाढलाय की!" म्हणत मी गल्लीभर कंदी पेढे वाटले.

"व्हय गं मनू, झ्याक वाचतीस," म्हणत ह्यांनी हसून दोन पेढे खाल्ले.

&nbsp;

ह्यांच्या तेराव्यानंतर डॉक्टर मला म्हणाले, "मार्कर वाढला म्हणजे कॅन्सर परतला, हे मी त्यांना ऑपरेशननंतर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."