व्हिटलॉकबाईंचा फ्लान

सॅन अँटोनियोतल्या आमच्या खानावळीत व्हिटलॉकबाईंनी जेवणानंतर गोड म्हणून फ्लान मागवला, तोही स्पॅनिशमध्ये. पंच्याऐंशीव्या वर्षी बाई ही भाषा शिकायला लागल्यात.

"कसं जमलं गं? आता तूही स्पॅनिशमध्येच बोल."

मी ऑर्डर लिहून घेतली आणि इंग्रजीत विचारलं, "सोबत कॉफी आणू?"

"अगं, तुझीच भाषा ना ती! लाजतेस काय?"

गल्ल्यावरून मुलगा ओरडला, "आई, दातखीळ बसली का? गिऱ्हाईक एवढ्या प्रेमानं बोलतंय!"

मग मी सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, तिसरीत मी वर्गात स्पॅनिश बोलले, तेव्हा तुम्ही माझ्या तोंडात साबणाची वडी कोंबली होतीत. फ्लान आणते. उत्तर इंग्रजीतच मिळेल. तुमचीच शिकवण आहे."